डी आणि एल: रिअॅक्टरपाशी शिकलेलं

१. आरशातली दोन रूपं रेणूसूत्रात ओळखू येत नाहीत. अमॉक्सिसिलिनच्या बाजूच्या साखळीसाठी पॅराहायड्रॉक्सिफिनाइलग्लायसिनचं फक्त डी रूप लागतं. साध्या रासायनिक पद्धतीने डी आणि एल निम्मे-निम्मे मिळतात. सुरुवातीला मी ‘डी म्हणजे प्रकाश उजवीकडे वळवणारं’ असं धरून चाललो होतो. प्रत्यक्षात हे डी रूप प्रकाश डावीकडे वळवतं. पोलारिमीटरच्या पहिल्याच आकड्यावरून मी नमुना उलटा लिहिला होता.

२. पीएचकडे पाठ फिरवू नये. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात क्योटो विद्यापीठात हिदेआकी यामादा यांच्या गटाने या कामासाठी जिवाणूंचं हायडँटॉइनेज वापरलं. हायडँटॉइन म्हणजे कडं असलेला कच्चा माल; हे विकर त्याच्या डी रूपाचंच कडं उघडतं. एल रूप शिल्लक राहतं, पण अल्कधर्मी द्रावणात ते आपणहून पालटून डी होत राहतं. म्हणून निम्म्यावर न थांबता जवळजवळ सगळा माल डी होऊ शकतो. हे मला पाठ होतं, कळलं नव्हतं. तयार होणारा पदार्थ आम्लधर्मी, त्यामुळे पीएच घसरतो. एका रात्री अल्कलीचा पंप बंद पडला. सकाळी रूपांतर अर्ध्याच्या जरा पुढे अडकलेलं. विकर मेलं समजून मी ते असलेल्या ताज्या पेशी ओतल्या. काही फरक पडला नाही. मग हळूहळू अल्कली देत पीएच साडेआठवर आणला, तेव्हा एल पुन्हा पालटू लागलं आणि काम पुढे सरकलं. पेशी वाया गेल्या, याचं आजही वाईट वाटतं.

३. दुसरं विकर नाजूक असतं. कडं उघडल्यावर उरलेला कार्बामॉइल गट काढायला अॅग्रोबॅक्टेरियमचं कार्बामॉइलेज लागतं. त्याच्या क्रियाशील जागी सिस्टीन असतं, म्हणून हवेतल्या ऑक्सिजनने ते मंदावतं. वर नायट्रोजन ठेवा. बाहेर पडणारा अमोनियाही त्याला जाचतो. ढवळणं जोरात केलं की काम लवकर होईल, ही समजूत मला महागात पडली; त्याने हवाच जास्त मिसळते.

४. उतारा छान आला म्हणून बॅच पास करू नका. उताऱ्याच्या आकड्याला डी-एल कळत नाही.

या कामात नव्याने येणाऱ्यांना विनंती: पंप बंद पडल्यावर वाजणारी घंटा आधी बसवा, आणि प्रत्येक बॅचचा नमुना चायरल कॉलमवर चालवल्याशिवाय पुढे पाठवू नका.