कातळावरील एक नवी काटेरी रिंगणी व आपल्या वांग्याची फुलगळ

वांग्याच्या मळ्यात सकाळी फेरी मारताना झाडाखाली पडलेली जांभळी फुले पाहून ज्याच्या पोटात धस्स झाले नाही असा बागाईतदार विरळा. मागे एका हंगामात आमच्याही दहा गुंठ्यांत अशीच फुलगळ दिसू लागली. तालुक्याच्या गावी एका दुकानदाराने ‘फूल थांबविणारे’ म्हणून एक औषध दिले. ते फवारले, संपले, पुन्हा आणले. फुले गळावयाची ती गळतच राहिली, व हिशेबाच्या वहीतील ती रक्कम अद्यापि आमच्या डोळ्यांस खुपते. उभा जन्म महसूल खात्यात इतरांच्या नोंदी तपासण्यात गेला; परंतु स्वतःच्या मळ्यातील एक फूल उघडून पाहावे, हे काही सुचले नाही. ते सुचले एका परदेशच्या रानझुडपाची हकीकत वाचल्यावर. सबब ती हकीकत प्रथम सांगतो. वांग्याकडे मागाहून वळू.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेस नॉर्दर्न टेरिटरी म्हणून विस्तीर्ण व विरळ वस्तीचा प्रांत आहे. तेथे जडबारा-ग्रेगरी नावाचे राष्ट्रीय उद्यान सुमारे १३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने अदमासे ३२ लक्ष एकर पसरलेले आहे. उद्यान म्हटल्याने ताटवे व कारंजी मनात आणू नयेत. तांबूस वालुकाश्माचे कडे, खडकांच्या फटीत रुजलेला झाडोरा, वर्षाचे काही महिने मोसमी पाऊस व उरलेले महिने कोरडे ऊन, असा तो मुलूख आहे. आम्ही नोकरीत असतो तर अशा जमिनीपुढे ‘पोटखराबा’ असे लिहून मोकळे झालो असतो. याच उद्यानात व्हिक्टोरिया नदीवर नजर टाकणाऱ्या एका कड्यावर चढण्यासाठी लोकांकरिता पायऱ्या केलेल्या आहेत. त्या जाण्यायेण्याच्या वाटेलगतच्या एका काटेरी झुडपास २०२२ साली शास्त्रीय नाव मिळाले. अमेरिकेतील बकनेल विद्यापीठाच्या तनिशा विल्यम्स, ख्रिस्तोफर मार्टिन व त्यांचे सहकारी यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध करून ‘सोलॅनम स्केलेरियम’ हे नाव दिले. लॅटिन भाषेत या शब्दाचा संबंध शिडीशी व जिन्याशी आहे. फुलोऱ्याच्या दांड्यावर काटे शिडीच्या पावंड्यांप्रमाणे लागलेले असतात, व झुडूप सापडले तेही जिन्यापाशी. एका शब्दात दोन्ही गोष्टी साधल्या. जवळच गरार्नवुन नावाची उंच टेहळणीची जागा आहे. वार्डमन व नुंगाली-न्गालिवुरू या तेथील मूळच्या लोकांची ती परंपरेने एकत्र जमण्याची जागा. तिच्यावरून या झुडपास ‘गरार्नवुन रानटोमॅटो’ असे व्यवहारातील नावही सुचविले आहे.

नवी जात ठरविणे म्हणजे काय, हे आमच्या धंद्यातील दृष्टांताने सांगितल्यास चटकन ध्यानात येईल. गटाची हद्द जशी दगडावरून मोजतात, तशी वनस्पतीच्या जातीची हद्द एका मूळ नमुन्यावरून मोजतात. झुडपाची फांदी दाबून, वाळवून, कागदावर बसवून वनस्पतिसंग्रहात ठेवितात. जवळच्या जातींहून ती कशात निराळी आहे ते लिहून छापतात. त्यानंतरच ते नाव दप्तरी लागते. हे वर्णन २०११ अखेरपर्यंत लॅटिन भाषेतच असावे लागे. २०१२ पासून ते इंग्रजीतही चालते.

‘सोलॅनम’ हे गोत्र आपणांस परके नाही. वांगे, बटाटा, टोमॅटो, बांधावरची भुईरिंगणी, डोरली, ही सारी त्याच गोत्रातली. एकंदर जाती बाराशेंहून अधिक आहेत. त्यात काट्यांची व चांदणीच्या आकाराच्या बारीक लवेची अशी एक मोठी शाखा आहे. आपले वांगे व हे नवे झुडूप त्याच शाखेतले, म्हणजे लांबचे का होईना, भाऊबंदच म्हणावयाचे.

आता मुख्य मुद्दा. या झुडपात नर निराळा व मादी निराळी असते. पपईमुळे आपणांस हे नवल वाटणार नाही. पपईच्या नराला लांब लोंबता फुलोरा येतो व मादीचे फूल खोडाला बिलगून असते. तद्वत येथेही नरझुडपास एका दांड्यावर पुष्कळ फुले व मादीस बहुधा एकटे फूल असते. परंतु पपईचे मादीफूल उघडून पाहिले तर त्यात पुंकेसर नसतात. या रिंगणीच्या मादीफुलात मात्र पिवळे परागकोश सुरेख भरलेले असतात व त्यांत परागही असतात. पाहणारा म्हणेल, फूल द्विलिंगी आहे. तसे ते नव्हे. या वर्गातील मादीफुलांच्या परागकणांस, अंकुर बाहेर पडण्यासाठी जी छिद्रे लागतात, तीच नसतात. कण कुक्षीवर पडला तरी रुजत नाही. ऑस्ट्रेलियातील रिंगण्यांच्या या चमत्कारिक रचनेचा ग्रेगरी अँडरसन व डेव्हिड सायमन या दोघा शास्त्रज्ञांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात सविस्तर ऊहापोह केला आहे.

मग निरुपयोगी पराग झाडाने पोसावे कशाला? उत्तर माशीत आहे. रिंगणीच्या व वांग्याच्या फुलात मध नसतो. माशी येते ती परागासाठी. मादीफुलात पराग नसता तर माशी तिकडे फिरकली नसती, व नराचा पराग मादीपर्यंत पोहोचला नसता. तेव्हा मादीझुडूप माशीला मजुरी म्हणून हा पराग देते. मजुरी खोटी नव्हे, माशीचे व तिच्या पिलांचे पोट तीवर भरते; फक्त बी धरविण्याच्या कामी ती चालत नाही.

हा पराग काढण्याची रीतही पाहण्याजोगी आहे. वांग्याचा परागकोश उभा चिरत नाही. त्याच्या टोकाला दोन बारीक भोके असतात. काळा भुंगा किंवा तत्सम रानमाशी फुलाला मिठी मारते, पंख मिटून अंगाचे स्नायू थरथरविते, व भोके पाडलेल्या डबीतून मीठ उडावे तसा पराग बाहेर उडतो. त्या वेळी होणारा बारीक ‘झूं’ असा आवाज कान दिल्यास ऐकू येतो. पेटीतील मधमाशीला ही विद्या येत नाही. वांगे स्वतःच्या परागावरही धरते, वाऱ्याच्या हेलकाव्यानेही काही काम होते. तथापि भुंग्याचा फेरा असला तर फळधारणा अधिक चांगली होते.

हे वाचून आम्ही मळ्यात गेलो व पानकाप्या सुरीने फुले उभी चिरून पाहू लागलो. काही फुलांत मधला दांडा, म्हणजे कुक्षीवृंत, परागकोशांच्या वर डोके काढून होता. काहींत तो त्यांच्या बरोबरीने होता. आणि पुष्कळांत तो तळाशीच खुंटलेला होता. आखूड दांड्याच्या फुलाला फळ सहसा धरत नाही. ते फूल जणू नराचेच काम करते व गळून पडते. हा वांग्याचा स्वभाव आहे, रोग नव्हे. आम्ही शिशी ओतली ती बहुतांशी अशा फुलांवर!

यावरून सर्वच फुलगळ स्वाभाविक मानू नये. पाण्याचा ताण, कडक ऊन, उपाशी जमीन किंवा कीड यांमुळे लांब दांड्याची फुलेही गळतात, व तेथे उपाय केलाच पाहिजे. निवाडा फूल चिरल्यावाचून होत नाही इतकेच.

बांधावरच्या रिंगणीचे काय करावे, असा प्रश्न येईल. ठिपक्यांचे भुंगेरे वांग्याप्रमाणे रिंगणीवरही पोसतात. सबब वांग्याच्या वाफ्यालगतची रिंगणी आम्ही काढून टाकतो. परंतु दूरच्या कातळावर, पोटखराब्यात असेल ती राहू देतो, कारण वांग्याला फुले नसतात त्या दिवसांत भुंग्याला तेथे पराग मिळतो. काटेरी भाऊबंदांचा उपयोग अगदीच नाही असेही नाही. ‘सोलॅनम टॉर्वम’ नामक रानजातीच्या मुळावर बांधलेले वांग्याचे कलम जमिनीतून येणाऱ्या मर रोगास पुष्कळ अंशी दाद देत नाही, व अशी कलमे आज विकत मिळतात. मात्र कोणत्याही अनोळखी रिंगणीचे फळ चाखून पाहू नये. या गोत्रात खाद्य व विषारी शेजारी शेजारी नांदतात.

वाचकांपैकी ज्यांची वांगी सध्या फुलावर असतील त्यांनी एक करावे. सकाळी झाडाखाली गळलेली ताजी पन्नास फुले वेचावीत, उभी चिरावीत, व लांब, बरोबरीचा आणि आखूड दांडा अशा तीन ढिगांत मोजून वहीत मांडावीत. आखूडांचा ढीग मोठा असेल तर औषधाचे पैसे खिशातच ठेवावेत. लांबांचा मोठा असेल तर प्रथम पाण्याची पाळी तपासावी.