पंख कोणाचे मोठे?

जनरल नॉलेजच्या पुस्तकात एक प्रश्न हमखास असतो : जगातलं सर्वात मोठं फुलपाखरू कोणतं? उत्तर, क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग. पाठ केलं, मार्क मिळाला, विषय संपला. पण मित्रांनो, खरी गंमत पुढेच आहे.

हे फुलपाखरू फक्त पापुआ न्यू गिनीच्या ओरो प्रांतात सापडतं. मादीचे पसरलेले पंख २५ सें.मी.च्याही वर जातात, म्हणजे आपल्या कंपासमधली पट्टी अपुरी पडेल. ते उडतं उंच झाडांच्या शेंड्यावरून. म्हणूनच १९०६ साली अल्बर्ट मीक ह्या संग्राहकाने पहिली मादी चक्क बंदुकीने पाडली! पुढच्या वर्षी रॉथशिल्ड यांनी तिला इंग्लंडच्या राणीचं नाव दिलं.

आता अ‍ॅटलास पतंग घ्या. हा आपल्या सह्याद्रीतही आहे. लांबीत तो थोडा मागे पडतो, पण पंख रुंद असल्यामुळे त्यांचं क्षेत्रफळ चांगलंच भरतं. तेव्हा 'मोठा कोण' हे आधी युनिट ठरवून मग विचारावं. (सिव्हिलवाले लगेच समजतील.) पंखांची टोकं सापाच्या फण्यासारखी दिसतात. आणि ह्याला खाण्यासाठी तोंडच नसतं! अळी असताना साठवलेल्या चरबीवर आठ-दहा दिवस काढायचे, जोडीदार शोधायचा, अंडी घालायची, बस्स. एकदाच चार्ज केलेली बॅटरी म्हणा ना.

मग एक दुर्मिळ आणि दुसरा नाही, असं का? माझ्या मते उत्तर पंखांत नाही, अळीच्या डब्यात आहे. अ‍ॅटलासची अळी पेरू, दालचिनी, लिंबू, जे मिळेल ते खाते, अगदी आपल्या मेसमधल्या पोरांसारखी. बर्डविंगच्या अळीला मात्र ईश्वरीच्या कुळातली ठराविक वेलच लागते. त्या वेलीचं विष अंगात भिनतं, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. पण जंगल गेलं की वेल गेली, आणि वेल गेली की सगळंच गेलं. १९५१ साली माउंट लॅमिंग्टन ज्वालामुखीने तिथलं बरंच जंगल जाळलं. नंतर पाम तेलाच्या लागवडीने उरलेलं खाल्लं. ह्या फुलपाखराच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे, तरी चोरटी विक्री होतेच.

पावसाळ्यात कॉरिडॉरच्या ट्यूबलाइटवर अ‍ॅटलास येऊन बसला, तर झाडू शोधू नका. तो चावत नाही, चावणार तरी कशाने? लाइट बंद करा, तो आपणहून जाईल.