पंख्याचा पट्टा

पिठाच्या गिरणीत आपण पट्टा पाहिला आहे. मोटर फिरते, पट्टा फिरतो, मग जाते फिरते. पट्टा निसटला तर मोटर नुसतीच फिरते. दळण काही होत नाही.

मोटारगाडीतही असाच पट्टा असतो. तो रबराचा असतो. त्याला फॅन बेल्ट म्हणतात. जुन्या अँबॅसिडर गाडीत हा एकच पट्टा तीन कामे करतो. तो पंखा फिरवतो. पाण्याचा पंप फिरवतो. बॅटरी भरणारा डायनामोही फिरवतो. ही गाडी २०१४ साली बनायची बंद झाली. पण काही जुन्या गाड्या अजून धावतात.

एकदा आम्ही अशाच गाडीतून रत्नागिरीहून कोल्हापूरला निघालो. आजारी आत्याला दवाखान्यात न्यायचे होते. साखरपा मागे पडले. आंबा घाटाची चढण लागली. एवढ्यात फट् असा आवाज झाला. समोरचा लाल दिवा पेटला. ड्रायव्हरदादांनी गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केले. चाकामागे दगड लावला.

पट्टा तुटला होता. आमच्यातला एक जण पाणी घालायला रेडिएटरचे झाकण काढू लागला. दादा ओरडले, "अहो, हात मागे घ्या! आत पाणी उकळतंय. वाफ तोंडावर येईल!"

इंजिन निवेपर्यंत आम्ही थांबलो. दादांजवळ त्याच मापाचा नवा पट्टा होता. त्यांनी डायनामोचे बोल्ट सैल केले. डायनामो इंजिनाकडे ढकलला. मग पट्टा पंख्याच्या एकेका पात्यावरून आत घेतला आणि तिन्ही चाकांवर बसवला. पान्याने रेटून बसवला नाही. तसे केले तर पट्ट्याच्या आतले धागे तुटतात.

आता ताण द्यायचा. दादांनी डायनामो बाहेर ओढून धरला आणि बोल्ट आवळले. पट्ट्याच्या सर्वांत लांब भागावर मधोमध अंगठा दाबला. पट्टा अर्धा इंच दबला. "बस्स, एवढाच ताण हवा," दादा म्हणाले.

पट्टा सैल राहिला तर घसरतो. इंजिन तापते, बॅटरी भरत नाही. फार ताणला तर पंपाचे आणि डायनामोचे बेअरिंग झिजते. खाटेची सुंभाची वीण आपण बेताने ताणतो, तसेच हे.

झाकणावर जाड फडके धरून दादांनी ते हळूच काढले. पाणी भरले. दिवस मावळायच्या आत आम्ही घाट चढलो. आत्या वेळेवर दवाखान्यात पोचली.

मंडळी, पट्टा तुटण्याआधी सूचना देतो. त्याला भेगा पडतात. कडेचे धागे सुटतात. गाडी सुरू करताना चीं चीं आवाज येतो. म्हणून महिन्यातून एकदा पट्टा पाहावा. पण इंजिन बंद करूनच पाहावा. पट्ट्याला तेल लागू देऊ नये. नवा पट्टा थोडा सैलावतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा तपासावा. आणि एक जादा पट्टा गाडीत ठेवावाच.

प्रश्न
१. पट्टा कोणती तीन कामे करतो?
२. तापलेल्या रेडिएटरचे झाकण का काढू नये?
३. ताण बरोबर आहे हे कसे ओळखावे?