टेबलावरून लगेच उठू नकोस

प्रिय भाचीबाई,


तुझा लांबलचक निरोप वाचला. स्पेनमधलं सालामांका ठरलं, सप्टेंबरचा स्पॅनिशचा कोर्स ठरला, आता गाडी अडलीय ती राहण्यावर. वसतिगृहात मोकळीक असते हे तुझं म्हणणं मला मान्य आहे. पण तिथे जगभरची मुलं आपसात इंग्रजी बोलतात, आणि इंग्रजी बोलायला इतक्या लांब जायची गरज नाही. एखाद्या कुटुंबात खोली घे.

वर्ग सकाळचे असतात. व्याकरणाची काळजी नको, ते तिथे नीट होईल. कॅस्टिलियन, म्हणजे स्पॅनिश, भाषेचं पहिलं छापील व्याकरण नेब्रिहा नावाच्या पंडिताने १४९२ साली याच गावात प्रसिद्ध केलं आणि विद्यापीठ तर १२१८ पासूनचं. परदेशी पोरांना क्रियापदं घोकायला लावण्यात गाव तयार आहे. पण बोलायला शिकशील ती दुपारच्या जेवणात, आणि त्याहून जास्त जेवण संपल्यावर.

दुपारचं जेवण म्हणजे अडीच-तीन वाजता, रात्रीचं नऊच्या पुढे. पहिले काही दिवस तुझे हाल होतील, कारण सकाळी कॉफी आणि बुडवून खायची बिस्किटं एवढंच मिळतं. अकराच्या सुटीत बारमध्ये काहीतरी खाऊन घे, सगळे घेतात. या उशिरामागे घड्याळाचाही थोडा हात आहे. स्पेनचा बराचसा भाग ग्रिनिचच्या पश्चिमेला असूनही १९४० पासून त्यांचं घड्याळ जर्मनीच्या वेळेवर चालतं, त्यामुळे काट्यावर तीन वाजले तरी सूर्याच्या हिशोबाने तेवढे वाजलेले नसतात.

तर तीन वाजता टीव्हीवर बातम्या सुरू होतात, आधी डाळ किंवा भाजीचा वाडगा येतो, मग मुख्य पदार्थ, मग फळ किंवा दही. पाव ताटात नाही, सरळ टेबलक्लॉथवर ठेवतात, बिचकू नकोस. आणि मग कोणी उठतच नाही. या जेवणानंतरच्या बैठकीला ते सोब्रेमेसा म्हणतात. शेजारणीचं ऑपरेशन, नगरपालिकेने खणलेला रस्ता, मुलाची न टिकणारी नोकरी, सगळं तिथे निघतं. सगळे एकदम बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात, आवाज चढवतात. भांडण चाललंय असं वाटेल, पण ते चाललेलं नसतं. तू शांतपणे आपली पाळी यायची वाट बघत बसलीस तर ती डिसेंबरपर्यंत येणार नाही. अर्धं वाक्य तयार असलं तरी घुसव. बाकीचं अर्धं तेच पुरं करून देतात, आणि ते पुरं केलेलं वाक्य पुस्तकातल्या दहा वाक्यांपेक्षा पक्कं बसतं.

त्या वेळी फोन खोलीत ठेवायचा. तुझ्या आईलाही सांगून ठेव. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत त्यांच्या-आपल्या वेळेत साडेतीन तासांचा फरक, पुढे साडेचार. म्हणजे हिवाळ्यात तुमचे तीन वाजतात तेव्हा इथे साडेसात. तेव्हा तिची मालिका असते, फारसं दुःख होणार नाही.

आता जरा अवघड गोष्ट. ज्या बाईंकडे राहशील त्या तुझ्याकडून पैसे घेणार आहेत. घर मोठं झालेलं, मुलं बाहेर पडलेली, पेन्शन बेताची. अशा अनेक घरांतून एखादी खोली विद्यार्थ्यांना देतात. तेव्हा त्या दुसरी आई होतील ही अपेक्षा ठेवू नकोस, आणि पैसे मोजलेत म्हणून हॉटेलातल्यासारखी वागूही नकोस. माया लागलीच तर ती करारात नसते, आपली आपण येते. मागून मिळत नाही. जेवायला येणार नसशील तर सकाळीच सांग, ताट स्वतः उचल, मैत्रिणींना घरी आणू नकोस. तिथे लोक भेटतात ते बाहेर, आणि सालामांकात तर प्लाझा मायोर या मुख्य चौकातल्या घड्याळाखाली. घरी बोलावणं ही त्यांच्याकडे बऱ्यापैकी जवळिकीची खूण आहे. त्यामुळे बाईंनी आपल्या गावाकडच्या घरी रविवारी चल म्हटलं, तर परीक्षा असली तरी जा.

साठीच्या बाईंना नावाने हाक मारायची आणि ‘तू’ म्हणायचं, हे तुझ्या जिभेला जड जाईल. त्या तसं सांगतील तेव्हा ऐक. तुझं ‘आपण’ त्यांना आदराचं वाटणार नाही, परकं वाटेल. घरात फार म्हातारी आजी असली तर मात्र आदरार्थीच बोल, ती स्वतः सोडवेपर्यंत.

खाण्याचं नीट बोलून घे. तू अंडं खातेस हे उत्तम, बटाट्याची जाड तोर्तिया तुला तारेल. पण ‘मी मांस खात नाही’ एवढ्याने भागत नाही. हामोनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तुकडे फरसबीत असतात, मसुरीत चोरीसो हे सॉसेज असतं, सॅलडवर टूना असतो, सूपचं पाणी हाडांचं असतं; आणि यातलं काहीच अनेकांच्या मते ‘मांस’ नसतं. एकेकाचं नाव घेऊन सांग: मटण-चिकन नाही, हामोन नाही, मासा नाही, टूना नाही. पहिल्याच दिवशी, हसत. आठव्या दिवशी सांगितलंस तर बाईंना वाटेल, इतके दिवस माझं अन्न नावडतं होतं.

घरातल्या बारीकसारीक गोष्टींवरून मोठी मनं दुखावतात. आपण चपला दारात काढून अनवाणी फिरतो. तिथे अनवाणी फिरलीस की ‘सर्दी होईल, काही घाल पायात’ असा ओरडा बसतो. घरात घालायच्या सपाता इथूनच ने. अंघोळ पाच मिनिटांत उरक. पाणी अनेक घरांत केशरी सिलेंडरवर तापतं आणि तो सिलेंडर कोणालातरी जिन्यावरून चढवावा लागतो. कपडे धुण्याचं मशीन विचारल्याशिवाय लावू नकोस. अनेक घरांत विजेचा दर तासागणिक बदलतो. आठवड्याच्या दिवशी सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी सहा ते दहा सर्वांत महाग, मध्यरात्रीनंतर आणि शनिवार-रविवारी स्वस्त. रविवारी दोरीवर साऱ्या इमारतीचे कपडे एकदम दिसतात ते त्यामुळेच. (न्हाणीघरात बहुधा बिडे, म्हणजे धुवायचं बसकं बेसिन, असेल. तेवढ्या बाबतीत तुला घरची आठवण येणार नाही.)

अभ्यासाबद्दल एकच. बाईंना ‘असं का?’ विचारू नकोस. ‘इथे सबजंक्टिव्ह का आला?’ म्हटलं की त्या गोंधळतात, काहीतरी कारण रचून देतात आणि ते चुकीचं असतं. तुलाही कोणी ‘मी केलं’ पण ‘मी गेले’ असं का, हे विचारलं तर काय सांगशील? ‘तुम्ही हे कसं म्हणाल?’ एवढंच विचार. ‘का’ वर्गासाठी ठेव. आणि उगाच घाबरू नकोस. त, द आपल्या तोंडात आधीच आहेत. ‘मला कॉफी आवडते’ ही रचना इंग्रजीवाल्यांना आठवडाभर छळते, तुला ती पहिल्या तासाला घरचीच वाटेल. शेजारच्या खोलीत दुसरी परदेशी मुलगी असली तर टेबलावर तिच्याशी इंग्रजीत कुजबुजायचं नाही, एवढा नियम दोघी मिळून करा.

शनिवारी बाईंबरोबर प्लाझा मायोरच्या बाजूच्या मंडईत जा, पिशवी धर. तिथे रांग डोळ्यांना दिसत नाही. आल्यावर मोठ्याने विचारायचं, शेवटचं कोण? एखादी हात वर करते, की तुझा नंबर तिच्यामागे. मग मासेवाल्याकडे न घेताही दहा मिनिटं उभं राहून ऐक. असा वर्ग कोणी फुकट घेत नाही.

रविवार दुपार मात्र कठीण जाते. दुकानं बंद, घरचे आपापल्या माणसांत, रस्ते रिकामे. तेव्हा खोलीत बसून इथले फोटो बघू नकोस. तोर्मेस नदीवरच्या रोमन पुलावर जा, पलीकडून गाव बघ. गरम कोट घेऊन, कारण गाव आठशे मीटर उंचीवर आहे आणि नोव्हेंबरमध्ये सकाळी दव गोठलेलं असतं. पुण्याचा स्वेटर तिथे शोभेचा.

भेट म्हणून काय न्यावं विचारलंस. लोणचं नको, आपलं तिखट त्यांना झेपत नाही, बरणी फ्रिजमध्ये मागे मागे सरकत जाते. चहा ने, वेलदोडे ने. महिन्याभराने ओळख झाली की एक दिवस स्वयंपाकघर मागून घे आणि बटाट्याची भाजी कर, बटाटा त्यांचा जिवलग आहे. फक्त फोडणी टाकण्याआधी खिडकीतून आतल्या चौकात डोकाव आणि वरच्या मजल्यावरच्यांचे कपडे वाळत नाहीत ना, ते बघून घे.

तुझी,
मावशी