मत्स्यबीजाची पारख : बेण्याइतकीच महत्त्वाची



उसाचे बेणे घेताना आपण डोळा पाहतो, कांडी चिरून बघतो. काणीचा किंवा गवताळ वाढीचा संशय आला तर ते बेणे बांधावरच थांबवतो. पण शेततळ्यात सोडायचे मत्स्यबीज मात्र ‘स्वस्त मिळालं, घेऊन टाकलं’ या हिशेबाने घेतो. ही चूक पुढे सगळ्या गावाला महाग पडते. म्हणून या अंकात हा पाठ देत आहोत.

दोन परदेशी मासे ध्यानात ठेवावेत.

पहिला तिलापिया. हा मूळचा आफ्रिकेचा. 1952 साली भारतात आणला गेला. याची मादी अंडी व पिले तोंडात सांभाळते आणि वर्षातून अनेक वेळा विते. त्यामुळे तळ्यात मासे उदंड, पण सगळे बारके! खाद्य त्यांनीच फस्त केल्यावर रोहू-कटला वाढणार कसे? 1959 सालीच त्याच्या प्रसारावर बंदी घातली गेली, पण तोवर मासा पाण्यात पसरला होता.

दुसरा आफ्रिकी मागूर. बाजारात याला ‘थाई मागूर’ म्हणतात. हा खादाड व मांसाहारी आहे. लहान मासे, बेडूक काही सोडत नाही. हवेतला श्वास घेतो आणि ओल्या जमिनीवरून सरपटत दुसरे पाणी गाठतो. 2000 साली केंद्र सरकारने याच्या पालनावर बंदी घातली. पुढे राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशावरून महाराष्ट्रात याचे साठे नष्ट करण्यात आले.

कोणी म्हणेल, ‘माझं तळं, माझा मासा; दुसऱ्याला काय त्रास?’ पण पावसाळ्यात तळे भरून वाहिले की मासा नाल्याला लागतो. आपला वाशीम जिल्हा तर दोन खोऱ्यांच्या माथ्यावर आहे. पैनगंगा, अडाण, अरुणावती यांचे पाणी गोदावरीच्या खोऱ्यात जाते. काटेपूर्णा आपल्याकडेच उगम पावून पूर्णेमार्गे तापीला मिळते. इथे सुटलेला मासा दोन्हीकडे जाऊ शकतो. मरळ, वाम, देशी मागूर कमी झाले तर पहिला फटका जाळ्यावर पोट असलेल्या भोई बांधवांना बसेल. गाजरगवत आपण उपटून तरी टाकतो. नदीत गेलेला मासा कोण वेचून काढणार?

कायदा आहे, पण प्रत्येक तळ्यावर शिपाई उभा करता येत नाही. इथे लोकशिक्षणच कामाचे. त्यासाठी आम्ही सुचवतो :

1) बीज सरकारी किंवा खात्रीच्या केंद्रातूनच घ्यावे, जात लिहिलेली पावती मागावी.

2) तळ्याच्या सांडव्याला बारीक जाळी लावावी.

3) नको असलेला मासा नदीत, विहिरीत सोडू नये. काचपेटीतले शोभेचे मासेही नाहीत. मुलांना हे शाळेतच सांगावे.

4) बीज सोडण्याच्या हंगामाआधी ग्रामसभेत हा विषय घ्यावा आणि भोई बांधवांना बोलते करावे. पाण्यात नवा मासा आला की तो आधी त्यांच्याच जाळ्यात दिसतो.

5) संशयित मासा सापडल्यास परत पाण्यात न टाकता मत्स्यव्यवसाय खात्याला कळवावे.

सहकारात एकाची चूक सर्वांना भोवते आणि एकाचे शहाणपण सर्वांच्या उपयोगी पडते. हा पाठ वाचून झाल्यावर शेजारच्या शेततळेवाल्याला जरूर सांगावा, ही विनंती.