पंपाचा मॉडेम आणि त्याची क्रमांकवही

अर्जुनी-मोरगाव तालुक्यातील प्रतापगड महाशिवरात्रीच्या यात्रेमुळे आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांच्या दर्ग्यामुळे सर्वदूर परिचित आहे. यात्रा आटोपली की या जंगलपट्ट्यात चिंता उरते ती धानाच्या पाण्याची. कृषिपंपाची वीज रात्रपाळीत असली म्हणजे अंधारात बांध तुडविणे आले; वाटेत साप, रानडुक्कर, अस्वल. ही खेप वाचविणारे साधन म्हणजे पंपाच्या स्टार्टरला जोडलेला जीएसएम मॉडेम. पुण्याचे संतोष ओस्तवाल यांच्या ‘नॅनो गणेश’ने भ्रमणध्वनीवरून पंप चालविण्याची कल्पना महाराष्ट्रात रुजविली आहे.

मॉडेमची भाषा मात्र जुनी. अमेरिकेतील हेज कंपनीने १९८१ साली ती रूढ केली. प्रत्येक आज्ञेच्या आरंभी ‘एटी’ ही अक्षरे येतात. ती ‘अटेन्शन’ची, म्हणजे कवायतीतील ‘सावधान’च! पुढे ‘डी’ आणि क्रमांक दिला की तो लावला जातो. ‘एच’ दिला की जोडणी तुटते. तारेच्या मॉडेममध्ये स्वल्पविराम म्हणजे सुमारे दोन सेकंद थांबणे. जीएसएम मॉडेममध्ये क्रमांकाच्या शेवटी अर्धविराम हवा; तो विसरल्यास मॉडेम ध्वनीऐवजी माहितीवहनाची जोडणी मागतो आणि शेतकऱ्याच्या घरी घंटा वाजत नाही.

क्रमांक साठविण्याची आज्ञा ‘एटी+सीपीबीडब्ल्यू’ ही आहे. तत्पूर्वी ‘एटी+सीपीबीएस’ने सिमकार्डाची स्मृती निवडावी. नंतर जागेचा अनुक्रम, क्रमांक, त्याचा प्रकार आणि नाव याच क्रमाने द्यावे. क्रमांक +९१ ने सुरू होत असल्यास प्रकार १४५, एरवी १२९. पाचव्या जागेवरील क्रमांक लावण्यासाठी ‘एटीडी>५;’ एवढे पुरते. वीज गेली तरी ही वही पुसली जात नाही.

खरे महत्त्व या वहीचे आहे. ‘एटी+सीएलआयपी=१’ दिल्यावर येणाऱ्या हाकेचा क्रमांक मॉडेम कळवितो. नियंत्रक तो वहीशी ताडून पाहतो आणि अनोळखी असल्यास हाक तोडतो. अन्यथा चुकून लागलेल्या एखाद्या हाकेने कोरड्या विहिरीवरील पंप सुरू होऊन जळावयाचा. येथे एक खोच आहे. वहीत शून्याने सुरू होणारा आणि हाकेत +९१ ने सुरू होणारा क्रमांक एकाच माणसाचा असला, तरी यंत्राला ते दोन वाटतात. म्हणून शेवटचे दहा अंकच ताडावेत.

सिमकार्ड बदलले की वहीही त्याबरोबर जाते. नवे कार्ड बसविताच सर्व क्रमांक पुन्हा नोंदवावेत आणि दिवसाउजेडी, पंपाजवळ उभे राहून, एकेका क्रमांकावरून हाक देऊन पाहावी.