मागून बसणारी धडक आणि ब्रेकचा दिवा

ज्या तिजारतीत माल रस्त्याने जातो, तिथे ब्रेकच्या दिव्याकडे मालकाने स्वतः पाहिले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात सोळा मीटरहून अधिक रस्ता कापते. पुढची गाडी थांबते आहे हे कळून मागच्या ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत साधारण एक ते दीड सेकंद जातो. मागून बसणारी धडक बहुधा तेवढ्यातच ठरते.

हा वेळ वाचवण्याची खटपट जुनी आहे. जॉन व्होएव्होड्स्की या मानसशास्त्रज्ञाने अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या टॅक्सींना मागे एक जादा पिवळा दिवा लावला. गाडीचा वेग जितका झपाट्याने कमी होई, तितका तो भरभर लुकलुके. १९७४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या टॅक्सींना मागून बसणाऱ्या धडका सुमारे ६० टक्के कमी आढळल्या. पुढे १९८६ च्या मॉडेलपासून तिथल्या नव्या मोटारींना तिसरा ब्रेक-दिवा सक्तीचा झाला. तो लाल आणि न लुकलुकणारा. १९९८ च्या सरकारी पाहणीत त्याचा फायदा ४.३ टक्केच भरला, कारण लोकांची नजर सरावली होती. दिवा स्वस्त, म्हणून सौदा तरीही फायद्याचा ठरला. पण कोणी यंत्र विकायला येऊन मोठे टक्के सांगू लागला, तर हे दोन आकडे आठवावेत.

ॲक्सिलरेटरवरून पाय झटकन उचलताच, ब्रेक दाबण्याआधीच, मागचा दिवा पेटवणारे यंत्रही निघाले आहे. त्याहून सोपा उपाय एलईडी दिव्याचा. तारेच्या बल्बपेक्षा तो सुमारे ०.२ सेकंद आधी पूर्ण पेटतो. ६० च्या वेगाला तीन मीटर रस्ता हाती राहतो.

भिवंडी-मालेगावच्या आपल्या टेम्पोंचे दुखणे मात्र साधे आहे. गाठी फाळक्याबाहेर लटकतात, ताडपत्रीचे टोक दिव्यावर येते, बल्ब कधीचा उडालेला असतो. ड्रायव्हरला पत्ता नसतो, कारण त्याला स्वतःचा ब्रेक-दिवा दिसतच नाही. मागे कुणी मोटारसायकलवाला असेल तर त्याच्यापुढे पत्रा नसतो, स्वतःची छाती असते. कापडाच्या नुकसानीचा विमा काढता येतो. त्याच्या घरच्यांना आपण काय देणार?

माल चढला, दोर आवळले, की क्लीनरला मागे उभे करून ब्रेक दाबायला लावावा. दोन्ही दिवे पेटले असे त्याने सांगितल्यावरच बिल्टी ड्रायव्हरच्या हाती द्यावी.